प्रौढ वयातील सेवाव्रत
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत दीपनगर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गतकाळाचे स्मरण करावे, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि परमेश्वराचे स्तवन करून आनंदाने घरी जावे, असा रिवाज आहे. आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळला आहे. म्हणून आम्ही आपला थोडा वेळ एका निराळ्या विषयाकडे लावू इच्छितो. जुन्या करारातील महोत्सव हा नुसता आनंदाचा सण नव्हता. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई आणि दास्यात पडलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी परते. पन्नास वर्षे भरली म्हणजे सर्व संपले असे नव्हे, तर नव्याने आरंभ करण्याची मुभा मिळाली, असा त्या नियमाचा भाव होता. जे जमिनीस लागू, ते मनुष्याच्या आयुष्यास लागू नाही काय?

हा प्रश्न आम्ही विनाकारण काढीत नाही. चाळिशी-पन्नाशीतील काही मंडळी आमच्याकडे येऊन विचारतात, "फादर, नोकरीची इतकी वर्षे गेली, मुले मार्गी लागत आहेत, आता उरलेल्या आयुष्यात अपघातग्रस्तांची, अत्यवस्थ रुग्णांची सेवा करावी असे मनात येते. या वयात ती विद्या शिकता येईल काय? की लोक हसतील?" या प्रश्नाला आज सर्वांसमक्ष उत्तर द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे काम कोणते, ते पाहू. अत्यवस्थ मनुष्याच्या बाबतीत वैद्यकशास्त्र घटका-प्रहर मोजीत नाही, मिनिटे मोजते. हृदय एकाएकी बंद पडले, तर सुमारे ४ ते ६ मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊ लागते. मोठी धमनी तुटली, तर मनुष्य तितक्याच अवधीत रक्तस्रावाने जाऊ शकतो. आता विचार करा, या अवधीत कोणता डॉक्टर, कितीही तत्पर असला तरी, दवाखान्यातून निघून रुग्णापाशी पोहोचेल? पहिली मदत त्याच्याच हातून व्हावयाची, जो त्या क्षणी तेथे उभा आहे. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहणे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या मनुष्यास कुशीवर वळवून त्याचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे, या गोष्टी करावयास पदवी लागत नाही. मात्र शिक्षण लागते, सराव लागतो आणि न डगमगणारे मन लागते.

आपला प्रदेश पाहा. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ यांवरून विदर्भाकडे जाणारा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता व आता ५३ आहे, आपल्या दारावरून जातो; त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. दिनांक २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ काय घडले, ते आपण विसरला नसाल. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आवई उठली, साखळी ओढली गेली, भयभीत उतारू रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली निदान बारा जीव गेले. मे महिन्यात खानदेशातील उन्हाचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि शेतात राबणारा मनुष्य उष्माघाताने कोसळतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागांस रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या पायास नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे केव्हा डसेल, याचा नेम नाही. विजेचा धक्का कसा असतो, हे तर दीपनगरास आम्ही सांगावयास नको. दिवे लावणे हेच या गावाचे काम आहे.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सन २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्या वेळी ९३७ गाड्या योजिल्या होत्या. पैकी २३३ गाड्यांत अतिगंभीर रुग्णांसाठी लागणारी सर्व साधने होती आणि ७०४ गाड्या प्राथमिक साधनांच्या होत्या. या सेवेची एक गोष्ट आपल्या विषयास विशेष लागू पडते. या गाड्यांवर डॉक्टर असावा असे ठरले. परंतु इतके आधुनिक वैद्यकाचे पदवीधर मिळणार कोठून? तेव्हा आयुर्वेदाची आणि इतर पद्धतींची पदवी घेतलेल्या पुष्कळ वैद्यांनी ही जागा घेतली. ज्यांनी नाडी, दोष आणि काढे यांचे अध्ययन केले होते, त्यांनी प्राणवायूची नळी बसविणे, विजेच्या धक्क्याने बिघडलेली हृदयगती ताळ्यावर आणणे आणि धावत्या गाडीत बाळंतीण सोडविणे ही नवी विद्या शिकून घेतली. एका मार्गाने निघालेल्या माणसांनी मध्येच दुसऱ्या मार्गास लागून तो निभावला, याचे हे आपल्याच राज्यातील ताजे उदाहरण आहे.

कोणी म्हणेल, ते तर मुळात वैद्यच होते, आमच्यासारख्यांचे काय? त्यांस आम्ही गडचिरोलीस नेऊ. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. नवजात बालके दवाखान्याचे तोंड पाहण्यापूर्वीच मरत होती. तेव्हा त्यांनी त्याच खेड्यांतील स्त्रिया निवडल्या, ज्यांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंत झाले होते. जन्मतः न रडणाऱ्या मुलास श्वास कसा द्यावा, बाळास ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावी आणि इंजेक्शन केव्हा व कसे द्यावे, हे त्यांस शिकविले. चूल आणि शेत यांपलीकडे दुसरा व्यवसाय न केलेल्या स्त्रियांच्या हाती सुई द्यावी काय, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर सन १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले: तुलनेसाठी घेतलेल्या खेड्यांच्या मानाने या खेड्यांतील नवजातांचे मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे भारत सरकारने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे काम आशा सेविकांमार्फत देशभर चालू केले, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. मातांनो, तुमच्यापैकी जी कोणी "मला काय येते?" असे म्हणते, तिने या भगिनींचे स्मरण करावे.

दुसरे उदाहरण सातासमुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात साठ वर्षांपूर्वी रुग्णास दवाखान्यात पोहोचविण्याचे काम बहुधा पोलिसांची गाडी करी. रुग्णास उचलावे आणि गाडी दौडवावी, यापलीकडे वाटेत काही उपचार होत नसे. तेथील डॉ. पीटर साफर यांची लहान कन्या सन १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने दगावली. पुढील वर्षी त्यांनी हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या गरीब वस्तीतील कृष्णवर्णी बांधवांस हाताशी धरले. त्यांपैकी कित्येकांस काम नव्हते, कित्येकांची शाळा अर्ध्यावर सुटली होती, काही युद्धावरून परतलेले होते. या माणसांस सुमारे ३०० तासांचे कसून शिक्षण देऊन 'फ्रीडम हाऊस' नावाचे रुग्णवाहिका पथक उभारले गेले. ज्यांस समाजाने निरुपयोगी ठरविले होते, ते अमेरिकेतील पहिल्या सुशिक्षित रुग्णवाहिका-सेवकांत गणले गेले. सन १९७५ मध्ये शहराने ते पथक बंद केले, ही खेदाची गोष्ट होय. परंतु त्यांच्या शिक्षणक्रमातून डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी सिद्ध केलेले पाठ्यपुस्तक पुढे त्या धंद्यातील असंख्य विद्यार्थ्यांनी अभ्यासिले.

आता वयाची गोष्ट. "या वयात पोरांबरोबर बाकावर बसावे काय?" ही लाज पुष्कळांस वाटते. आपल्या ख्रिस्तसभेने रुग्णांचे आश्रयदाते म्हणून ज्या दोन संतांस पोप तेरावे लिओ यांनी सन १८८६ मध्ये गौरविले, ते दोघेही प्रथम दुसऱ्याच धंद्यात होते. संत जॉन ऑफ गॉड हे मेंढपाळ होते, शिपाई होते, मग ग्रानाडा शहरात पुस्तके विकीत. चाळिशी ओलांडल्यावर ते रुग्णसेवेस लागले; आणि राजरुग्णालयास आग लागली तेव्हा आत शिरून त्यांनी रुग्णांस बाहेर काढले. संत कामिल्लुस हे शिपाई व पक्के जुगारी. त्यांनी तिशी उलटल्यावर रोमच्या विद्यालयात लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिनचे पहिले धडे गिरविले. मुले हसली असतील. पण सन १५९५ मध्ये त्यांचेच अनुयायी हंगेरीच्या रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होते, आणि त्यांच्या झग्यावर तांबडा क्रूस होता. रेड क्रॉसचा जन्म त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी झाला.

आपल्या महाराष्ट्रात मुरलीधर देवीदास, अर्थात बाबा आमटे, हे वरोड्यास वकिली करीत. कुष्ठरोग्यांची सेवा करावयाची तर नुसती दया पुरेशी नाही, विद्या हवी, हे जाणून सन १९४९ च्या सुमारास, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगविज्ञानाच्या विद्यालयात शिकावयास गेले. त्यांचे काम तातडीच्या उपचाराचे नव्हते, हे खरे. परंतु बसलेली घडी मोडून पुन्हा विद्यार्थी होण्याचे जे धैर्य लागते, ते हेच.

किंबहुना आमचे असे मत आहे की, प्रौढ वय हे या कामात ओझे नसून भांडवल आहे. ज्याने वीस वर्षे वीजकेंद्राच्या नियंत्रण-कक्षात पाळ्या केल्या, त्यास यंत्रावरचा काटा भलतीकडे जाऊ लागला असता आरडाओरडा न करता काय करावे, हे ठाऊक असते. वीजप्रवाह बंद केल्याशिवाय तारेला हात लावावयाचा नाही, हा नियम त्याच्या अंगी मुरलेला असतो. आणि विजेच्या अपघातात दुसरा बळी जाऊ नये म्हणून हाच नियम सर्वांत आधी लागतो. रेल्वेच्या गार्डास व चालकास रात्रीचे जागरण नवीन नाही. वरणगावच्या आयुधनिर्माणीत राबलेल्या हातास नियमांच्या क्रमाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. सन १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळणारा शिकलेला मनुष्य असावा, असा दंडक घालून दिला होता. तुमच्यापैकी कित्येकांची उमेदीची वर्षे त्या पेटीच्या शेजारी गेली आहेत. आणि ज्या मातेने घरातील आजारी सासूची वर्षानुवर्षे सेवा केली, तिला रुग्णाचे डोळे वाचता येतात. ही विद्या तरुणास पुस्तकातून मिळत नाही.

परंतु एकच बाजू सांगणे हे धर्मगुरूस शोभणारे नाही. हे काम कठीण आहे. वेतन बेताचे, पाळी रात्रीची, जिन्यावरून स्ट्रेचर उतरविताना कंबरेची परीक्षा होते. आपल्या मुलाच्या वयाच्या वरिष्ठाची आज्ञा मुकाट्याने पाळावी लागते. सर्व काही अचूक करूनही रुग्ण हाती लागत नाही, असे प्रसंग येतात. आणि ते मूल असले, तर घरी येऊन जेवण जात नाही. रक्ताने माखलेला देह एकदा पाहिला म्हणजे तो डोळ्यांपुढून लवकर हलत नाही. म्हणून ज्यांस खरोखर या मार्गाने जावयाचे आहे, त्यांस आमचा सल्ला असा:

पहिले, नोकरीचा राजीनामा देऊन आरंभ करू नका. आधी प्रथमोपचाराचा वर्ग करा. सेंट जॉन अँब्युलन्सचे वर्ग रेल्वेत फार जुन्या काळापासून चालत आले आहेत. रेड क्रॉसही हे शिक्षण देते. तेवढ्याने आपला कल कळेल. शिकलेले हात वर्षा-दोन वर्षांत विसरतात, म्हणून उजळणी ठेवा.

दुसरे, घरच्यांची संमती घ्या. "बाबांनी आता विसावा घ्यावा," असे मुले प्रेमानेच म्हणतात. त्यांस समजावून सांगा. त्यांच्याशी भांडून केलेली सेवा टिकत नाही. पेन्शन, कर्ज आणि औषधपाणी यांचा हिशेब कागदावर मांडल्याविना पाऊल उचलू नका.

तिसरे, याच कामावर चरितार्थ चालवावयाचा असेल, तर मान्यताप्राप्त शिक्षणच घ्या. सन २०२१ च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकाशी संलग्न व्यवसायांत तातडीच्या उपचाराच्या तंत्रज्ञासही स्थान दिले आहे. तेव्हा फी भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता, प्रवेशाची अट व वयाची मर्यादा नीट विचारून घ्या. गावोगाव पाट्या लावणाऱ्या प्रत्येकाचा दाखला चालतोच असे नाही.

चौथे, ज्यांस नोकरी सोडता येत नाही, त्यांनीही खंत करू नये. धंदा बदलणे हे सर्वांस शक्य नाही. पण विद्या शिकणे सर्वांस शक्य आहे. एका आळीत दोन शिकलेली माणसे असली, तर ती आळी पोरकी राहत नाही.

शिकण्याबरोबर काही गोष्टी विसरावयाच्याही आहेत. साप चावला असता जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, करकचून दोरी आवळणे आणि रात्रभर मांत्रिकापुढे बसविणे यांत रुग्णाचा जीव जातो. चावलेला अवयव हलू न देता त्यास धीर द्यावा आणि ज्या रुग्णालयात सर्पविषावरील लस आहे, तेथे विनाविलंब न्यावे. ही लस मुंबईच्या हाफकिनमध्ये बनत आली आहे. फेफरे आलेल्या मनुष्यास चप्पल वा कांदा हुंगविणे व्यर्थ आहे. त्याच्या दातांत चमचा घालणे तर घातक आहे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. उष्माघाताने पडलेल्यास सावलीत नेऊन, अंगावर पाणी शिंपडून, वारा घालून आधी थंड करावे आणि ते करीत असतानाच रुग्णवाहिका बोलवावी.

एक भय अजून उरते, ते पोलीस-कचेरीचे. रस्त्यात जखमी पडलेला असतो आणि माणसे भोवती उभी राहतात. उचलले तर आपणच अडकू, असे त्यांस वाटते. त्यांच्यासाठी हे सांगणे अवश्य आहे की, दिनांक ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले, आणि सन २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. निःस्वार्थ बुद्धीने, स्वेच्छेने मदत करणाऱ्याच्या हातून काही उणे राहिले, तरी त्यावर दिवाणी वा फौजदारी खटला चालत नाही. आपले नाव-गाव सांगण्याचीही त्यास सक्ती करता येत नाही. या कायद्यात मदतकर्त्यास दिलेले नाव 'गुड समॅरिटन' असे आहे. भारताच्या कायदेपुस्तकात हा शब्द कोठून आला, हे या मंदिरात सांगावयास नको.

त्या दयाळू शोमरोनी मनुष्याविषयी एक गोष्ट मात्र आम्ही आपल्या ध्यानात आणून देतो. तो वैद्य नव्हता. तो आपल्या कामासाठी प्रवासास निघालेला एक वाटसरू होता. पण जखमा बांधावयास काय लागते, हे त्यास ठाऊक होते; तेल व द्राक्षारस त्याच्याजवळ होता; जखमीस आपल्या जनावरावर कसे बसवावे, हे तो जाणत होता; आणि सराईत पोहोचविल्यावर पुढील खर्चाचीही त्याने तजवीज केली. नुसता कळवळा तर वाटेवरून पुढे गेलेल्या त्या दोघांसही वाटला असेल. त्याच्या हाती साधने होती आणि ती वापरण्याची तयारी होती, म्हणून जखमी वाचला.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आमची धर्मग्रामास विनंती आहे. उत्सवाचा मंडप उतरल्यावर आपले सभागृह महिन्यातून एक रविवार प्रथमोपचाराच्या वर्गासाठी खुले राहील. येणाऱ्याची जात, पंथ वा धर्म विचारला जाणार नाही. प्रत्येक घरातून निदान एकाने यावे आणि त्यांत चाळिशीपुढील मंडळींनी पुढे बसावे, म्हणजे तरुणांस मागे बसण्याची लाज वाटेल. दाराशेजारी १०८ हा क्रमांक ठळक लिहून ठेवावा. आणि ज्याच्या अंतःकरणात ही हाक दुसऱ्यांदा येत असेल, त्याने मिस्सा आटोपल्यावर आमच्याकडे यावे; त्याच्याबरोबर बसून हिशेबाचा कागदही आम्ही मांडू आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करू.

परमेश्वर आपणा सर्वांस दीर्घायुष्य देवो, आणि त्या आयुष्याची उत्तर वर्षे कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची बुद्धी देवो.